सुनंदाताईंच्या फळ्या

सुनंदाताई गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही, ती मलाच इतरांना कळवावी लागली. नोव्हेंबरमधली साधी संध्याकाळ होती. माझी मीटिंग लांबली म्हणून मी त्यांना मेसेज टाकला होता, "ताई, तुम्ही निघा, मी गाठते." सहा वाजून गेल्यावर धावतपळत त्यांच्या घराशी पोचले तर फाटकात मिक उभा, एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात टोपी. मिक म्हणजे आम्हाला फिरायच्या वाटेवर रोज भेटणारा निवृत्त पोस्टमन. "शी नेव्हर पास्ड मी," तो म्हणाला, "अँड इट गॉन सिक्स." त्याने दोनदा बेल वाजवली होती. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं तर पॅसेजमध्येच खुर्चीवर ताई बसलेल्या... एक बूट पायात, दुसरा मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. मी हाका मारल्या, मिकने अँब्युलन्सला फोन लावला, पण आम्हा दोघांनाही कळलं होतं. मग मी एक गोष्ट केली, का केली ते सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडलं. लॅपटॉप आत होता, पुसलेला, बंद केलेला, वर घडी घातलेलं पिवळं फडकं. ते पाहिलं आणि तिथेच ओट्याला धरून रडले. मग डोळे पुसले आणि गॉलवेला ऋचाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, फोन केला.

त्या लॅपटॉपचं सांगितल्याशिवाय सुनंदाताई कुणाला कळायच्या नाहीत. आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये आम्ही एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये होतो, त्या वयाने माझ्या बत्तीस वर्षं पुढे. त्यांच्या वडिलांचं मिरजेत सायकलींचं दुकान होतं. ठरल्या वेळेला ते शटर ओढायचे आणि त्यानंतर दारात गिऱ्हाईक उभं राहिलं तरी पुन्हा उघडायचे नाहीत. ताईंनी ती सवय तशीच्या तशी आयर्लंडला आणली. २०२० च्या मार्चमध्ये ऑफिस बंद होऊन सगळे घरून कामाला लागले. बाकीच्यांचं काम जेवणाच्या टेबलावरून पार झोपायच्या खोलीपर्यंत पसरलं, ताईंचं कधीच नाही. साडेपाचला त्या लॅपटॉप मिटायच्या, फडक्याने पुसायच्या, कपाटात ठेवून दार लावायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "दुकान बंद." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्याही तसंच म्हणायच्या. एकदा प्रेसचं दार लागलं की साहेबाचा फोन आला तरी तो वाजू द्यायच्या. हा नियम दुसऱ्या बाजूनेही तितकाच कडक होता. साडेपाचच्या आधी एक मिनिटही त्या स्वतःसाठी चोरायच्या नाहीत.

आणि साडेपाचनंतर काय, तर बर्फावरच्या खेळाची तयारी. बर्फ न पडणाऱ्या गावात! मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा माझी नोकरी सुरू व्हायला अजून आठवडा होता. इथल्याच कॉलेजात मास्टर्स करून मी राहिले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशा वयात होते. गावाबाहेर जुन्या रेल्वेमार्गावर डांबरी वाट केली आहे, सायकलवाल्यांसाठी आणि पायी फिरणाऱ्यांसाठी, तिला सगळे ग्रीनवे म्हणतात. फेब्रुवारीतल्या अंधारात मागून टक-टक, टक-टक असा आवाज आला, एक दिवा जवळ आला आणि लोकरी टोपी घातलेली एक बाई दोन्ही हातांत काठ्या रोवत, चाकं लावलेल्या दोन अरुंद पट्ट्यांवरून माझ्या बाजूने सरसर निघून गेली. जाताजाता म्हणाली, "डावीकडून चाल की गं!" मी मराठी आहे हे कसं ओळखलं ते मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "फोनवर आईशी भांडत होतीस, अर्ध्या मैलावरनं ऐकू येत होतं."

स्वीडनच्या उत्तर भागात त्यांनी अकरा वर्षं काढली होती. नवऱ्याची नोकरी तिथली. तो अचानक गेला तेव्हा ऋचा चार वर्षांची होती. हिवाळ्यात दुपारी दोनलाच अंधार पडायचा आणि घरी गेलं की भिंती अंगावर यायच्या, असं त्या एकदाच बोलल्या, त्यावर जास्त नाही. ऑफिसातल्या एका बाईने त्यांना कामानंतर ओढून नेलं. तिथे गावोगावी जंगलातून दिवे लावलेल्या वाटा असतात, लोक काम संपवून, पायांत लांब फळ्या, म्हणजे स्की, अडकवून तास दीड तास सपाट बर्फावरून जाऊन येतात आणि मग जेवतात. डोंगरावरून उड्या मारत खाली यायचं ते हे नव्हे, हे म्हणजे चालण्याचीच मोठी बहीण. ताई पहिल्या दिवशी सतरा वेळा पडल्या. "अठराव्यांदा उठले तेव्हा भूक लागली होती," त्या म्हणायच्या. "नवरा गेल्यापासनं पहिल्यांदा." पुढे नोकरी इथे आली, ऋचा इथे वाढली, तिचं मराठी ऐकण्यापुरतं उरलं, पण फळ्या मात्र ताईंनी सोडल्या नाहीत. बर्फ नाही तर चाकं. मिक रोज विचारायचा, "एनी स्नो येट?" आणि त्या रोज सांगायच्या, "इट्स ऑन इट्स वे." हा संवाद त्या दोघांमध्ये किती वर्षं चालला होता कुणास ठाऊक.

त्या पहिल्या लॉकडाउनमध्ये मी त्यांच्या नादी लागले. मला एकटीला खोलीत करमत नव्हतं आणि त्यांना शिकवायला कुणी तरी हवंच होतं. त्या गोड शिक्षिका अजिबात नव्हत्या. "गुडघ्यात वाक की! कमरेत काय वाकतीस, नमस्कार करायचा आहे का कुणाला?" मी उलट उत्तरं द्यायचे, त्यांना ती आवडायची. त्या उन्हाळ्यात एकदा ग्रीनवेवरच त्यांना चक्कर आली. तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू अशक्त झालाय, गोळ्या रोज, चालायला हरकत नाही, पण दम लागेल असं काहीही नको आणि थंडीत तर नकोच, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईंनी चाकं मला देऊन टाकली आणि स्वतः काठ्या घेऊन माझ्या मागून चालत ओरडायला लागल्या. मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं.

ऋचा मात्र आपल्या आईला ओळखून होती. त्या दिवाळीनंतर तिचा मला फोन आला. बर्फावरच्या खऱ्या फळ्या अजून दारामागे तयार आहेत, त्या तू तुझ्या घरी घेऊन जा, असं तिचं म्हणणं. "इफ इट स्नोज, शी'ल गो. यू नो शी विल. प्रॉमिस मी, मंजिरी." मी शब्द दिला. वडिलांचा मृत्यू जिला आठवतही नाही, ती मुलगी आईला जपत होती, नाही कसं म्हणणार? आता ताईंकडे फळ्या मागायच्या तर कारण हवं. मी म्हटलं, "ताई, मला मेण लावायला शिकायचंय, फळ्या द्या, घरी करून बघते." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि फळ्या दिल्या. खोटं बोलल्याची इतकी टोचणी लागली की म्हटलं, निदान मेण तरी खरंच लावावं. दिवाळीच्या मेणपणत्या उरल्या होत्या. इंटरनेटवर पाहिलं, फळीच्या तळाला मेण चोळतात. पुढचं वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. टोकापासून टोकापर्यंत अर्धा डझन पणत्या चोळून संपवल्या, फळ्या आरशासारख्या गुळगुळीत केल्या आणि पलंगाखाली सारल्या.

आणि जानेवारीच्या अखेरीस, एका मंगळवारी, बर्फ पडलं. सकाळी पडदा सरकवला तर सगळं ॲथलोन पांढरं. चार बोटं असेल, पण अंगणात, छपरांवर, ग्रीनवेवर अखंड. रात्रीपर्यंत पाऊस येऊन सगळं धुऊन जाणार, असं हवामानवाले सांगत होते. म्हणजे मिळाली तर ही एकच संध्याकाळ. नऊ वाजता टीमची मीटिंग सुरू झाली. ताई कॅमेऱ्यासमोर करड्या कार्डिगनमध्ये, मागे खिडकी आणि खिडकीत बर्फ. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दुपारी ऋचाचा मेसेज, "यू हॅव द स्कीज, राइट?" मी लिहिलं, "हो." ते खरंही होतं. पण दिवसभर ताईंचा मला एकही फोन नाही, मेसेज नाही, फळ्या कुठे आहेत हा प्रश्न नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं, कदाचित फळ्या दिल्या तेव्हाच. त्यांनी मागितल्या असत्या तर मी नाही म्हणाले असते, भांडले असते, ते मला जमतं. त्या मागतच नव्हत्या, हे मात्र मला सोसवेना. चार वाजता पागोळ्या गळायला लागल्या. मी मेसेज केला, "ताई, वितळायला लागलंय. लवकर निघायचं का?" उत्तर एका शब्दाचं... "साडेपाच."

पाचच्या सुमारास मी फळ्या खांद्यावर टाकून निघाले. ऋचाला दिलेला शब्द मोडतेय हे मला चांगलं ठाऊक होतं. कुणी फसवलं नाही, कुणी गळ घातली नाही, माझा निर्णय मीच घेतला. लॉकडाउनच्या त्या काळात एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी येणंजाणं ठेवायची मुभा होती आणि ताईंचं ते घर म्हणजे मी, त्यामुळे निदान सरकारचा तरी नियम मोडत नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर ताई अजून कॉलवर. वर कार्डिगन, कानाला हेडफोन आणि टेबलाखाली लोकरी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे आणि स्कीचे बूट, लेस बांधलेले! बाई सकाळी नऊपासून तशी बसली होती. फळ्या येतील की नाही ठाऊक नसताना. साडेपाचला लॅपटॉप मिटला, फडकं फिरलं, प्रेसचं दार लागलं. "दुकान बंद," त्या म्हणाल्या आणि दार उघडून माझ्या खांद्याकडे पाहून एवढंच बोलल्या, "आलीस? बरं झालं." मग भिंतीवर टांगलेले, बर्फात चालायचे जाळीच्या तळव्यांचे रुंद बूट काढून माझ्या पायांत अडकवले. चार बोटं बर्फात त्यांची काडीची गरज नव्हती. पण आज तू साध्या बुटात यायचं नाहीस, असा हुकूम झाला आणि मी बदकासारखी फेंगडत त्यांच्या मागून निघाले.

ग्रीनवेच्या तोंडाशी मिक भेटलाच. "देअर'स युअर स्नो नाऊ, मिसेस," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "अबाउट टाइम." मग फळ्या पायांत अडकवल्या, कपाळावरचा दिवा लावला, उजवा पाय रोवून जोर दिला... आणि त्या मागे घसरल्या. पुन्हा जोर दिला, पुन्हा मागे. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा त्या बाकावर बसल्या, फळी उलटी करून तळावरून अंगठा फिरवला. "मंजिरी, हे काय लावलंस?" मी म्हटलं, "मेण." "कुठलं?" "दिवाळीचं... पणत्यांचं. उरलं होतं." मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ताई हसायला लागल्या, इतक्या की खोकला आला, आणि मी घाबरून त्यांची पाठ चोळायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "माझ्या घरी जा आणि उलथनं घेऊन ये. डोशाचं. पळ!" पायांतली ती जाळीची धुडं काढायचंही मला सुचलं नाही. तशीच फताड्या पायांनी ॲथलोनच्या रस्त्यावरून धावत गेले आणि हातात लाकडी उलथनं घेऊन धावत आले. वाटेत कुणी पाहिलं असेल तर त्याने काय समजायचं ते समजो. परतले तेव्हा पावसाचे पहिले थेंब पडायला लागले होते.

मिकने टॉर्च धरला आणि ताईंनी दोन्ही फळ्यांच्या मधल्या भागातलं हातभर मेण खरवडून काढलं. घाई नाही, चिडचिड नाही. खिशातून एक छोटी डबी काढली, तिच्यातलं चिकट मेण त्या जागेवर घासलं आणि बाटलीच्या बुचाने चोळून एकसारखं केलं. हात चालू, तोंडही चालू. "पुढं आणि मागं गुळगुळीत पाहिजे, घसरायला. मधे चिकट पाहिजे, पाय रोवायला. सगळीकडंच गुळगुळीत केलीस तर पुढं कशी जाणार?" मग उठल्या, पाय रोवला, आणि गेल्या.

मी त्यांना चाकांवर शेकडो वेळा पाहिलं होतं. तो सराव होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. टक-टक आवाज नाही, नुसती एक बारीक सळसळ. एक पाय लांब सरकायचा, थांबायचा, मग दुसरा, आणि त्या बाईच्या अंगात कुठे जोर लावल्याची खूणसुद्धा नाही. मी "ताई, हळू!" म्हणून ओरडले. त्यांनी एक काठी वर केली, म्हणजे ऐकलं, आणि वेग तोच ठेवला. पुढच्या पुलाखालून त्या पलीकडे वळल्या आणि त्यांचा दिवा दिसेनासा झाला. मग मात्र माझी हिंमत गेली. पाऊस वाढत होता, हातात उलथनं होतं, खिशात ऋचाचा मेसेज होता आणि पुलापलीकडे अंधार होता. त्या पडल्या असतील तर... ऋचाला मी काय सांगणार, पणत्यांचं मेण चोळलं म्हणून? मिक शेजारी टॉर्च पुलाकडे रोखून उभा राहिला, त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. किती वेळ गेला, मोजला नाही. मग पुलाखाली एक ठिपका दिसला, हलला, मोठा होत आला. ताई आमच्यासमोर येऊन थांबल्या, चेहरा पावसाने आणि घामाने निथळत होता, श्वास जोरात पण एका लयीत. आकाशाकडे बघून म्हणाल्या, "आता पडू दे किती पडायचंय ते."

ऋचाला मी त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "यू प्रॉमिस्ड मी," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मी ते ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला गोंजारलं नाही. "रागवू दे. तिचा हक्कच आहे. आणि तू परत तेच केलं असतंस, हो की नाही?" मी म्हटलं, "हो." "मग झालं तर." त्यानंतर त्या दहा महिने जगल्या. रोज चालल्या, रोज ओरडल्या, गोळ्या वेळेवर घेतल्या. फळ्या त्यांनी जुन्या साडीच्या खोळीत घालून पुन्हा दारामागे ठेवल्या. त्या संध्याकाळमुळे त्यांचं आयुष्य वाढलं की कमी झालं, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही आणि मी विचारणारही नाही. मला स्वतःला त्याबद्दल शंका नाही.

अंत्यसंस्काराला मिक सूट घालून आला, ऋचाचा आणि माझा हात हातात घेऊन इथल्या सांत्वनाच्या रीतीने "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. आठवड्याने ऋचा आणि मी घर आवरत होतो. तिने दारामागची खोळ आणून माझ्या हातात ठेवली. "मॅम सेड दीज आर युअर्स. सिन्स फेब्रुवारी." मग बराच वेळ ती प्रेसमधली भांडी कागदात गुंडाळत राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "वॉज शी फास्ट? दॅट इव्हनिंग?" मी म्हटलं, "खूप." तो मराठी शब्द तिला पुरेसा होता. ती खाली बसली, मी तिच्याशेजारी बसले, आणि आम्ही दोघींनी पहिल्यांदा एकत्र रडून घेतलं.

घरी येऊन मी खोळ काढली. फळ्यांच्या कडांवर काळ्या मार्करने दोन-दोन रेघा मारलेल्या होत्या, मधली हातभर जागा दाखवणाऱ्या. आणि वर, बूट अडकतो त्याच्या पुढे, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं... "मंजिरी, रेघांच्या मधे पणत्या नाहीत." दुसऱ्या फळीवर, "इथे फक्त डबीतलं. बुचानं चोळ." खोळीच्या तळाशी ती डबी होती, बूच होतं आणि डोशाचं लाकडी उलथनं होतं. स्वतःसाठी कुणी अशा सूचना लिहीत नाही. फेब्रुवारीतच, माझ्यावर ओरडत माझ्या मागून चालत असताना, पुढचं बर्फ कुणाचं आहे ते त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

आता पाच आठवडे झाले. साडेपाचला मी लॅपटॉप मिटते, पुसते, प्रेसमध्ये ठेवते. "दुकान बंद" म्हणायला पहिले काही दिवस आवाज फुटला नाही, आता फुटतो. ग्रीनवेवर काल मिक भेटला. कुत्रं ओढत होतं, तो मात्र थांबून राहिला, त्याच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं, पण त्याला विचारवत नव्हतं. शेवटी म्हणालाच, "एनी स्नो येट?" मी म्हटलं, "इट्स ऑन इट्स वे." फळ्या माझ्या दारामागे उभ्या आहेत. यंदाच्या दिवाळीच्या उरलेल्या पणत्या मी पुढे आणि मागे चोळल्या आहेत, मधली हातभर जागा सोडून.